धाब्याला कठडा

वाचन: अनुवाद 22:8, मत्तय 4:5-7, याकोब 5:14



नाताळच्या सरावाची सूचना येत्या रविवारी उपासनेनंतर दिली जाईल. पेटी दुरुस्त होऊन आली आहे, कॅरोल फेरीसाठी टेम्पोवाल्याला सांगून झाले आहे. हे सगळे सुरू होण्याआधी आम्हांला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती गोड करून सांगता येणार नाही. अंगात ताप असताना गायनवृंदात येऊन गाणे ही भक्ती नव्हे. आणि तापात येऊन गाणाऱ्याचे कौतुक करणारी मंडळी भक्तिमान नव्हे, निष्काळजी आहे.

दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला आम्ही हे लिहीत नाही. हजेरीची वही आमच्याच हातात होती.

दोन वर्षांपूर्वी सरावाला माणसे येत नाहीत म्हणून आम्ही नियम केला: तीन सराव चुकले तर नाताळच्या उपासनेत गायला उभे राहता येणार नाही. नियम कडक होता आणि आम्हांला त्याचा अभिमान होता. अकरावीतल्या एका मुलीचे दोन सराव परीक्षेमुळे चुकले होते. तिसऱ्या वेळी तिला ताप होता. तरी ती तापाची गोळी घेऊन आली, कारण एक कडवे तिला एकटीने गायचे होते. ती खोकत होती हे आम्ही पाहिले. कुणीतरी तिला खडीसाखर दिली. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या आणि शेजारच्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून दारही ओढून घेतले होते. त्या खोलीत आम्ही 26 जण दोन तास गात होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत 26 पैकी 14 जण अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी फ्लू सांगितला. बहुतेक जण आठवड्याभरात उठले. पेटी वाजवणारे आजोबा उठले नाहीत. वय 74, त्यात मधुमेह. न्यूमोनिया झाला आणि 9 दिवस दवाखान्यात गेले. प्रभूच्या कृपेने ते घरी आले, पण दम पहिल्यासारखा परत आला नाही. आता एक पद पुरे म्हणायचे तर त्यांना मध्ये दोनदा थांबावे लागते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या मराठीत उपासना करणाऱ्या आमच्यासारख्या मंडळ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमच्याकडे गाणारे गळे मोजकेच. रेव्ह. टिळकांची पदे पुस्तकात सापडतात, पण ती आमच्या मंडळीत ज्या चालींवर म्हटली जातात त्या चाली कुठेही लिहिलेल्या नाहीत. त्या आजोबांच्या बोटांत आणि दोन-तीन म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात आहेत. ज्यांना जपायला हवे त्यांनाच आम्ही बंद खोलीत बसवले.

ती मुलगी नंतर कितीतरी दिवस रडत होती. "माझ्यामुळे आजोबा आजारी पडले," म्हणायची. आम्ही तिला सांगितले आणि इथेही लिहून ठेवतो: बाळ, तुझ्यामुळे नाही. आमच्या वहीमुळे.

आता मंडळीत काय बोलले गेले ते ऐका. "देवाच्या कामात सैतान आडवा येतोच." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले की शेवटी आम्हांला राग आला. खिडकी आम्ही लावली. नियम आम्ही केला. खोकणाऱ्या मुलीला घरी पाठवायचे धैर्य आमच्यात नव्हते. आपली हलगर्जी सैतानाच्या नावावर खपवली की कुणाला पश्चात्ताप करायला नको, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा तसेच करायला आपण मोकळे!

दुसरे वाक्य याहून धार्मिक आहे: "प्रभूच्या मंदिरात प्रभूचे गीत गाताना रोग लागत नाही. स्तोत्र 91 वाचा."

वाचू या. स्तोत्र 91 आमच्याही घरात मोठ्याने वाचले जाते. मरीपासून सोडवणाऱ्या देवाचे ते स्तोत्र आहे आणि ते खरे आहे. पण शुभवर्तमानात या स्तोत्राचा दाखला कुणी दिला, हे आठवते का? मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करतो आणि देवदूत तुला झेलतील, उडी टाक, असे सांगतो. आधाराला तो हेच स्तोत्र घेतो. प्रभूने ते स्तोत्र खोटे ठरवले नाही. पण उडीही टाकली नाही. देवाची परीक्षा पाहायची नसते, एवढेच उत्तर त्याने दिले, आणि ते उत्तर अनुवादाच्या पुस्तकातले होते.

त्याच अनुवादाच्या पुस्तकात, 22 व्या अध्यायात, घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर. कुणी वरून पडून मेला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशात धाब्यावर माणसे बसत, झोपत, प्रार्थना करत. पेत्र यापोमध्ये प्रार्थनेला धाब्यावरच गेला होता. म्हणजे धाबे ही पवित्र कामाचीही जागा होती, आणि तरीही देवाने सांगितले नाही की, "प्रार्थना करणारा पडणार नाही, कठड्याची गरज नाही." त्याने कठडा सांगितला, आणि जबाबदारी पडणाऱ्यावर टाकली नाही, घरमालकावर टाकली.

सैतान म्हणतो उडी टाक, देव म्हणतो कठडा बांध. आम्ही मात्र देवाचा हा नियम धाब्यावर बसवला आणि त्याला विश्वास असे नाव दिले.

गाण्यात असे काय आहे, तेही समजून घेऊ. बोलताना तोंडातून बारीक कण बाहेर पडतात, गाताना त्याहून पुष्कळ जास्त पडतात, आणि आवाज जितका मोठा तितके ते वाढतात. मोठे थेंब जवळच खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. त्यातच गाणारा माणूस साध्या माणसापेक्षा खोल श्वास घेतो, कारण लांब ओळ एका दमात म्हणायची असते. म्हणजे सोडायलाही जास्त, घ्यायलाही जास्त. बंद खोलीत दोन तास असे चालले तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पहिल्या रांगेतल्या माणसाचा श्वास मिळतो.

हे अंदाजाने म्हटलेले नाही. 10 मार्च 2020 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन गावी एका सामुदायिक गायनवृंदाचा सराव चर्चच्या सभागृहात झाला. अडीच तास. 61 जण आले, त्यांत बरेच ज्येष्ठ. एका व्यक्तीला सर्दीसारखा त्रास होता. माणसे बेपर्वा नव्हती. हात स्वच्छ करण्याचे औषध ठेवले होते, गळाभेटी टाळल्या होत्या. पण खुर्च्या जवळजवळ होत्या आणि सगळे गात होते. त्या व्यक्तीसह 53 जणांना कोविड झाला किंवा झाल्याची दाट शक्यता धरली गेली. तिघांना दवाखान्यात ठेवावे लागले, दोघे वारले. हात धुतले होते, पण हवा धुता येत नाही. ती बदलावी लागते.

कोविड गेला, आता कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्या देशात हवेतून पसरणारा एक जुना आजार कधी गेलाच नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला म्हणजे थुंकीची तपासणी, हे आरोग्यसेविका घरोघर सांगत असतात, आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध दोन्ही फुकट आहेत. तरी आमच्यातलेच लोक "गळा बसलाय, गाऊन मोकळा होईल" म्हणत महिनाभर खोकत गातात. गोवराचे विषाणू तर रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. आमच्या नाताळच्या नाटुकल्यात लहान मुले असतात, गरोदर सुना असतात, दम्याच्या मावश्या असतात. धाब्यावर ही सगळी माणसे उभी आहेत.

आता तिसरा आक्षेप, जो आम्हांला खरोखर विचार करायला लावतो. "प्रभूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला. तुम्ही आजाऱ्याला दाराबाहेर ठेवणार?"

प्रभूने स्पर्श केला, होय. मार्कच्या पहिल्या अध्यायात ते आहे. पण तिथे जोखीम कुणी घेतली? प्रभूने स्वतः घेतली. शेजारच्या म्हातारीवर लादली नाही. आणि तो मनुष्य बरा झाल्यावरही प्रभूने त्याला याजकाकडे तपासणीला पाठवले. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी नर्स आपला जीव धोक्यात घालते, ते प्रेम आहे. ताप लपवून दहा जणांमध्ये गाणारा दहा जणांचा जीव धोक्यात घालतो. दोघांनाही आम्ही "विश्वासाने केले" म्हणतो, हाच आमचा घोटाळा आहे.

जुन्या लोकांना हा फरक कळत होता. 1527 मध्ये विटेनबर्गमध्ये प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर पळाला नाही, आजाऱ्यांची सेवा करत राहिला. पण त्याच काळात त्याने पाळकांना पत्र लिहिले, त्याचा मथितार्थ असा: मी प्रार्थना करीन, घराला धुरी देईन, औषध घेईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला रोग होऊन मरण येणार नाही. शेजाऱ्याला माझी गरज लागली तर मात्र बेधडक जाईन. 1576 मध्ये मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा तिथले आर्चबिशप कार्लो बोरोमेओ स्वतः रोग्यांकडे जात होते, पण घरात अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. घंटा झाली की लोक आपापल्या दारांखिडक्यांतून प्रार्थनागीते म्हणत. गाणे थांबले नाही, गाण्याची जागा बदलली.

आणि आपल्याच भागाचे सांगायचे तर मिरज फार दूर नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे मिशन इस्पितळ उभे केले आणि जवळच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. औषधे नव्हती त्या काळात अशा आरोग्यधामांचा मोठा भर मोकळ्या हवेवर असे. आमच्यातल्या कित्येकांचे आजोबा-पणजोबा मिशनच्या दवाखान्यांत काम करून वाढले. त्यांच्या नातवंडांनी खिडक्या लावून गावे, याची लाज वाटते.

चौथा आक्षेप: "असे नियम केले की आजारी माणूस वाळीत पडतो." पडतो, जर नियम इथेच थांबला तर. म्हणून याकोबाचे पत्र उघडा. तिथे आजाऱ्याने काय करावे असे सांगितले आहे? मंडळीच्या वडिलांना बोलावावे. त्याने फरफटत मंडळीकडे यावे असे नाही. मंडळीने त्याच्याकडे जावे. आजाऱ्याला घरी राहा सांगण्याचा अधिकार त्यालाच आहे जो संध्याकाळी त्याच्या दारात कांजीचा डबा ठेवून अंगणातून एक पद म्हणून जातो. आणि क्षयाच्या बाबतीत तर हे पक्के लक्षात ठेवा: तो ताट-वाटीने पसरत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की तो माणूस आमच्या रांगेत परत उभा राहील, आणि त्याचा आजार काय होता हे वेदीवरून प्रार्थनेच्या विनंतीत जाहीर होणार नाही. प्रार्थनेच्या नावाने केलेली चहाडी ही चहाडीच.

एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत गेला तेव्हा पौलाने त्याला घरी पाठवले आणि फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले की त्याचे आनंदाने स्वागत करा, अशा माणसांना मान द्या. किती सभा चुकल्या ते पौलाने मोजले नाही. आम्ही मोजले.

म्हणून यंदा कठडा बांधायचा आहे. आमच्या गायनवृंदापुरते आम्ही पुढील गोष्टी ठरवल्या आहेत. इतर मंडळ्यांनी आपापल्या जागेप्रमाणे ठरवावे.

1. आजारपणाची गैरहजेरी हजेरी म्हणून धरली जाईल. वहीत तिच्यापुढे खूण होईल आणि प्रश्न विचारला जाणार नाही.

2. ताप, खोकला, अंगावर पुरळ किंवा डोळे आलेले असतील तर घरी राहायचे. तापाची गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नसेल तेव्हाच परत यायचे, आणि खोकला थोडा उरला असेल तर मास्क लावून मागे, खिडकीपाशी बसायचे. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हणजे आधी तपासणी. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर आम्ही सोबत येऊ.

3. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या राहतील. नुसता पंखा किंवा भिंतीवरचा एसी तीच हवा फिरवतो. डासांसाठी जाळ्या बसवायला दिल्या आहेत. थंडी वाजेल, तर स्वेटर घालून या. जमेल त्या दिवशी सराव अंगणात होईल.

4. चाळीस मिनिटे गायले की दहा मिनिटे सगळे बाहेर. चहाही बाहेरच. पाण्याची बाटली ज्याची त्याची, एक पेला सगळ्यांत फिरणार नाही. एका माईकवर तिघे वाकणार नाहीत.

5. प्रत्येक एकट्याच्या कडव्याला दोन गळे तयार असतील. दाविदाच्या काळी मंदिरातल्या 288 गायकांच्या 24 पाळ्या होत्या, 1 इतिहास 25 मध्ये ते मोजून दिले आहे. एकाच्या वाचून अडेल अशी व्यवस्था मंदिरातसुद्धा नव्हती. ज्याला माहीत आहे की आपली जागा सांभाळायला कुणी आहे, तो ताप लपवत नाही.

6. ज्येष्ठांनी फ्लूच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे, आणि लहान मुलांच्या लशी पुऱ्या झाल्या आहेत का हे आईवडिलांनी कार्ड काढून पाहावे. कॅरोल फेरीत टेम्पोच्या काचा उघड्या राहतील, आणि ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे आपण अंगणातूनच गाऊ.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती थोडी लाज सोडण्याची तयारी. "तू आज घरी जा" हे वाक्य बोलायला जीभ जड होते, विशेषतः समोर पाळकसाहेबांचा मुलगा किंवा वर्गणी देणारे काका असले तर. नियम म्हणूनच हवा. नियम असला की कुणा एकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

यंदा कदाचित नाताळच्या सकाळी रांगेत 26 ऐवजी 19 जण दिसतील. दुसरा आवाज पातळ ऐकू येईल. पाहुणे म्हणतील, गायनवृंद पहिल्यासारखा राहिला नाही. म्हणू द्या. गोठ्यात ज्याचा जन्म झाला त्याला भरगच्च रांगेची अट नव्हती. त्या 19 जणांच्या मागे 7 जण घरी सुखरूप असतील आणि जानेवारीत परत येतील, तर ती उपासना पुरी झाली असे आम्ही मानू.

आजोबा यंदा येणार आहेत. गाणार नाहीत, पण खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून चाल चुकली तर बोट वर करणार आहेत. त्या मुलीने फोनवर त्यांच्या 31 चाली भरून घेतल्या आहेत. अजून पुष्कळ बाकी आहेत. त्यांचा उरलेला दम त्यासाठी हवा आहे.

प्रार्थना करू या: हे प्रभो, आमच्या निष्काळजीपणाला आम्ही विश्वास म्हटले, याची क्षमा कर. जे आमच्यामुळे आजारी पडले त्यांना बळ दे. आमच्या शेजाऱ्याचा श्वास हे तुझे दान आहे, हे आम्हांला विसरू देऊ नको. तुझी स्तुती करणाऱ्या तोंडातून कुणाला अपाय न होवो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.